पटसंख्येचा तराजू आणि किनाऱ्यावरची शाळा

जूनच्या मध्यास पाऊस आणि शाळा ही दोन्ही आपल्याकडे बरोबरच सुरू होतात. उरणपासून श्रीवर्धनपर्यंतच्या रायगड किनाऱ्यावर छत्री सावरीत, चिखल तुडवीत वाडीतल्या शाळेकडे निघालेली मुले हे आपल्या परिचयाचे दृश्य आहे. परंतु गेल्या काही वर्षांत या दृश्यामागे एक अस्वस्थ करणारा प्रश्न उभा राहिला आहे. पुढच्या जूनमध्ये आपल्या वाडीतील शाळेचे कुलूप उघडेल काय, असे पालक एकमेकांना विचारू लागले आहेत. शाळेची इमारत पडली म्हणून किंवा शिक्षक शिकवीत नाहीत म्हणून हा प्रश्न उद्भवलेला नाही. हजेरीपटावरील नावे वीसपेक्षा कमी भरतात, एवढ्या एकाच कारणाने तो उद्भवला आहे.

सप्टेंबर 2023मध्ये राज्याच्या शिक्षण आयुक्त कार्यालयाने वीसपेक्षा कमी पट असलेल्या शाळा एकत्र करून ‘समूह शाळा’ उभारण्याचे प्रस्ताव जिल्ह्यांकडून मागविले. पुणे जिल्ह्यातील पानशेत आणि नंदुरबार जिल्ह्यातील तोरणमाळ येथील प्रयोग नमुना म्हणून पुढे ठेवण्यात आले. त्या वेळच्या शासकीय आकडेवारीनुसार राज्यात अशा शाळांची संख्या पंधरा हजारांच्या घरात होती. त्यांत सुमारे 1 लाख 85 हजार मुले शिकत होती आणि जवळजवळ 30 हजार शिक्षक शिकवीत होते. अशा शाळांच्या संख्येत रत्नागिरी आणि रायगड हे कोकणातील जिल्हे राज्यात आघाडीवर होते. हा प्रश्न आपल्या दाराशी आला आहे तो असा.

या आकड्यांचा भागाकार केला तर एका शाळेत सरासरी बारा-तेरा मुले आणि एका शिक्षकामागे सहा मुले येतात. हिशेबनीसाच्या दृष्टीने हा घाट्याचा व्यवहार होय. परंतु शाळेकडे हिशेबनीसाच्या दृष्टीने पाहण्याची सवय आपल्याला केव्हा आणि कोठून लागली? आमच्या मते या प्रश्नाचे उत्तर शोधल्याशिवाय आजच्या धोरणाचे खरे मूल्यमापन करता येणार नाही. शाळेला कारखाना समजून तिची ‘कार्यक्षमता’ मोजण्याची ही रीत दीडशे वर्षांहून जुनी आहे. तिने वाचविलेला खर्च बहुधा नाहीसा होत नाही. तो सरकारी खतावणीतून निघतो आणि मुलाच्या पावलांवर व आईवडिलांच्या खिशावर जाऊन बसतो. हे प्रत्येक वेळी घडले आहे आणि प्रत्येक वेळी ते उशिरा ध्यानात आले आहे.

निकालावर वेतन

या कथेचा आरंभ इंग्लंडमध्ये होतो. यंत्रयुगाने वैभवास पोहोचलेल्या त्या देशात गरिबांच्या शाळांना दिल्या जाणाऱ्या अनुदानाचा आकडा वाढू लागला, तेव्हा शिक्षणखात्याची धुरा वाहणारे रॉबर्ट लो यांनी 1862मध्ये एक सुधारित संहिता लागू केली. अनुदान यापुढे मुलाच्या हजेरीवर आणि वाचन, लेखन व गणित या तीन विषयांच्या परीक्षेवर अवलंबून राहील, असे ठरले. निरीक्षक शाळेत येई, एकेका मुलाची परीक्षा घेई आणि मूल ज्या विषयात नापास होई त्या प्रत्येक विषयामागे शाळेचे 2 शिलिंग 8 पेन्स कापले जात. शिक्षण स्वस्त तरी होईल नाही तर कार्यक्षम तरी होईल, असा विश्वास लो यांनी पार्लमेंटला दिला होता.

प्रत्यक्षात काय झाले? ज्या विषयांस पैसे मिळत नव्हते ते विषय शाळांतून मागे पडले. मुले वाचनपुस्तक तोंडपाठ करू लागली. पुस्तक उलटे धरले तरी धडा घडाघडा म्हणणाऱ्या मुलांच्या गोष्टी त्या काळापासून सांगितल्या जातात. कवी मॅथ्यू आर्नल्ड हे स्वतः शाळा-निरीक्षक होते. त्यांनी आपल्या अहवालांतून या यांत्रिकपणावर सातत्याने टीका केली. तरी ही पद्धत मोडीत निघण्यास 1890चे दशक उजाडावे लागले.

हीच पद्धत 1860च्या दशकात मुंबई इलाख्यात आली. येथील खासगी आणि मिशनरी शाळांना मिळणारे अनुदान, विद्यार्थी कोणत्या इयत्तेत किती विषयांत उत्तीर्ण झाले यावर ठरू लागले. ‘निकाल’ या शब्दास आपल्या शिक्षणव्यवहारात जे वजन प्राप्त झाले आहे त्याचे एक मूळ येथे आहे. गावोगावच्या पंतोजींच्या शाळांनाही हळूहळू याच चौकटीत ओढण्यात आले. त्या जुन्या शाळांचे गुणगान गाण्याचा आमचा हेतू नाही. तेथे बहुजनांच्या मुलांना, मुलींना आणि अस्पृश्य मानलेल्या समाजाला सहसा प्रवेश नव्हता. परंतु निरनिराळ्या वयांची मुले एकत्र बसून आपापल्या गतीने शिकत, हा त्यांचा एक गुण होता. नव्या पद्धतीत मुलाची गती निरीक्षकाच्या भेटीच्या तारखेशी बांधली गेली.

याच सुमारास, 1882मध्ये, हंटर आयोगापुढे महात्मा जोतीराव फुले यांनी आपले निवेदन सादर केले. निदान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, असा आग्रह त्यांनी धरला. अभ्यासक्रमात मोडी व बाळबोध लेखन-वाचन, हिशेब, इतिहास, भूगोल व व्याकरण यांच्या जोडीने शेतीचे प्राथमिक ज्ञान, नीती आणि आरोग्य यांचे धडे असावेत, असे त्यांनी सुचविले. शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातून यावेत, असेही त्यांचे मत होते. सरकार शाळेस विचारीत होते की तुझे किती विद्यार्थी उत्तीर्ण झाले. जोतीराव सरकारला विचारीत होते की शाळेच्या उंबरठ्याबाहेर किती मुले राहिली आणि का राहिली. हे दोन हिशेब वेगळे आहेत. आजही वाद या दोन हिशेबांतच आहे.

एका डॉलरला किती ग्रीक?

विसाव्या शतकाच्या आरंभी या विचारास शास्त्राचा पोशाख चढला. अमेरिकेतील अभियंता फ्रेडरिक विन्स्लो टेलर यांनी 1911मध्ये ‘वैज्ञानिक व्यवस्थापना’ची तत्त्वे ग्रंथरूपाने मांडली. कामगाराच्या प्रत्येक हालचालीचे घड्याळ लावून मोजमाप करावे, कामाची एकच सर्वोत्तम रीत ठरवावी आणि ती सर्वांकडून करवून घ्यावी, हे त्यांच्या विचाराचे सार होते. पोलाद कारखान्यांतील हा विचार अवघ्या एक-दोन वर्षांत शाळांच्या दाराशी पोहोचला.

शिकागो विद्यापीठाचे प्राध्यापक फ्रँकलिन बॉबिट यांनी 1912मध्ये ‘शिक्षणातील नासाडीचे उच्चाटन’ या विषयावर लेख लिहिला आणि 1918मध्ये ‘द करिक्युलम’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. प्रौढ माणसाला आयुष्यात जी कामे करावी लागतात त्यांची यादी करावी, तिचे बारीक तुकडे पाडावेत आणि त्या तुकड्यांनाच अभ्यासक्रमाची उद्दिष्टे मानावीत, असे त्यांचे प्रतिपादन होते. एलवुड कबर्ली यांनी 1916मध्ये शाळेची उघडच कारखान्याशी तुलना केली. मुले म्हणजे कच्चा माल, समाज म्हणजे गिऱ्हाईक आणि शाळेचे काम गिऱ्हाइकाच्या मागणीनुसार माल घडविणे, अशी ती उपमा होती.

परंतु या काळातील सर्वांत बोलका प्रसंग मॅसॅच्युसेट्स राज्यातील न्यूटन गावचा आहे. तेथील शाळाधिकारी फ्रँक स्पॉल्डिंग यांनी 1913मध्ये प्रत्येक विषयाच्या तासाचा खर्च काढला. एका डॉलरमध्ये फ्रेंचचे 23.8 विद्यार्थी-पाठ मिळतात आणि ग्रीकचे केवळ 5.9 मिळतात, असे त्यांना आढळले. यावरून ग्रीकची खरेदी या भावाने परवडणारी नाही, असा निष्कर्ष त्यांनी काढला. ग्रीक महाग का होते? ग्रीकच्या वर्गात मुले थोडी होती म्हणून. ग्रीक शिकून मुलाच्या मनावर काय संस्कार होतो, याचा त्या गणितात कोठेही विचार नव्हता. वर्ग लहान म्हणून तास महाग, आणि तास महाग म्हणून तो निरर्थक, एवढीच ती तर्कसरणी होती. वाचकांनी ग्रीकच्या जागी आपल्या वाडीतील शाळा ठेवून पाहावी. वीस पटाच्या निकषामागील तर्क तोच आहे.

इंडियाना राज्यातील गॅरी या पोलाद-नगरीत विल्यम वर्ट यांनी या विचारास मूर्त रूप दिले. अर्धी मुले वर्गात असताना उरलेली अर्धी कर्मशाळा, क्रीडांगण वा सभागृहात असावीत, म्हणजे कोणतीही खोली रिकामी राहणार नाही आणि तेवढ्याच इमारतीत दुप्पट मुले मावतील, अशी ती योजना होती. वर्ट यांच्या मनात मुलांना हस्तकौशल्य, खेळ आणि संगीत देण्याचीही तळमळ होती, हे न्यायाने सांगितले पाहिजे. परंतु न्यूयॉर्कच्या महापौरांनी ती योजना आपल्या शहरात आणू पाहिली, तेव्हा तिचे मुख्य आकर्षण स्वस्ताई हे होते. आपल्या मुलांना कारखान्यातले मजूर बनविले जात आहे, या भावनेने स्थलांतरित कामगारांच्या वस्त्या 1917मध्ये रस्त्यावर उतरल्या. त्याच वर्षीच्या निवडणुकीत महापौरांचा पराभव झाला आणि योजना गुंडाळली गेली. शाळेचा हिशेब पालकांना न विचारता मांडला की काय होते, याचा तो धडा होता.

‘गळती’ हा शब्द

आपल्या देशात हा विचार समित्यांच्या अहवालांतून स्थिरावला. सायमन आयोगास साहाय्य करण्यासाठी नेमलेल्या हार्टोग समितीने 1929मध्ये आपला अहवाल दिला. 1922-23 साली पहिलीत असलेल्या दर शंभर मुलांपैकी 1925-26 साली केवळ अठरा मुले चौथीत पोहोचली, हे त्या समितीने दाखविले. आकडा खरा होता आणि हृदयद्रावकही होता. समितीने त्यास जे नाव दिले ते मराठीत ‘गळती’ म्हणून रूढ झाले आणि वर्षानुवर्षे एकाच इयत्तेत राहण्यास ‘स्थगिती’ म्हटले गेले. प्रशिक्षण विद्यालयांतून शिकलेल्या प्रत्येक शिक्षकास हे दोन शब्द पाठ असतात.

गळती हा नळाचा, टाकीचा, यंत्राचा शब्द आहे. तो ऐकताच वाया गेलेला पैसा डोळ्यांपुढे येतो. शेतावर, मिठागरावर किंवा होडीवर कामास गेलेले मूल डोळ्यांपुढे येत नाही. म्हणूनच समितीने सुचविलेला उपायही यंत्राला साजेसा होता. शिक्षणाचा विस्तार आवरावा, आहे त्याचे दृढीकरण करावे आणि अकार्यक्षम शाळांवर पैसा घालू नये, असा तिच्या शिफारशींचा रोख होता. सक्तीच्या शिक्षणाची मागणी करणाऱ्या भारतीय नेत्यांना त्यामुळे आणखी थांबावे लागले. शाळेत न टिकणाऱ्या मुलाला शाळा जवळ नेण्याऐवजी शाळाच कमी कराव्यात, या विचाराचा उगम असा जुना आहे.

या प्रवाहाविरुद्ध उभे राहण्याचा मोठा प्रयत्न 1937 साली वर्धा येथे झाला. त्या परिषदेत महात्मा गांधींनी हस्तोद्योगाच्या द्वारे शिक्षण देणाऱ्या ‘नई तालीम’चा विचार मांडला. अभ्यासक्रम आखण्यासाठी झाकीर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीत, आपल्याच जिल्ह्यातील पेण तालुक्याच्या गागोदे गावी जन्मलेले विनोबा भावे हेही होते. हाताने काम करणारा गावातील माणूस अडाणी नाही, त्याच्या कामातच ज्ञान आहे, ही त्यामागील श्रद्धा होती. परंतु मुलांनी केलेल्या वस्तूंच्या विक्रीतून शिक्षकाचा पगार निघावा, ही अपेक्षा त्यात शिरली आणि येथेही जमाखर्चाने डोके वर काढले. शाळा पुन्हा एक कारखानाच होईल, अशी शंका तेव्हाच व्यक्त झाली होती. शाळेने आपला खर्च स्वतः भागवावा, हा विचार किती दूरवर पोहोचला होता, हे यावरून दिसते.

स्वातंत्र्यानंतरही शब्द बदलले, रीत बदलली नाही. 1991मध्ये ‘किमान अध्ययन क्षमता’ आल्या. प्रत्येक विषयाचे तुकडे पाडून त्यांना क्रमांक देण्यात आले आणि 1995च्या प्राथमिक अभ्यासक्रमाद्वारे महाराष्ट्रातील शिक्षक त्या क्रमांकांच्या नोंदी ठेवू लागले. प्रत्येक मुलाला निदान एवढे तरी यावे, हा त्यामागील हेतू स्तुत्य होता. पण नोंदवह्या भरता भरता शिकविण्याचा वेळ आटला, ही तक्रार तेव्हाच्या शिक्षकांकडून आपण सर्वांनी ऐकली आहे. 2017मध्ये नीती आयोगाने मध्य प्रदेश, झारखंड आणि ओडिशा या राज्यांत शाळासुधारणेचा प्रकल्प हाती घेतला. त्यात बॉस्टन कन्सल्टिंग ग्रुप ही व्यवस्थापन सल्लागार कंपनी सहभागी होती आणि शाळांचे विलीनीकरण हा त्याचा एक प्रमुख भाग होता. टेलर यांच्या काळात कारखान्यातून शाळेत येण्यास विचारांना एक-दोन वर्षे लागली होती. आता सल्लागारच थेट शाळेत आले.

किनाऱ्याचे अंतर

महाराष्ट्रात डिसेंबर 2017मध्ये दहापेक्षा कमी पटाच्या सुमारे 1,300 शाळा बंद करून मुलांना जवळच्या शाळेत पाठविण्याचा निर्णय झाला. 2023मध्ये दहाची मर्यादा वीसवर गेली. 15 मार्च 2024च्या शासन निर्णयाने शिक्षकपदे मंजूर करण्याचे, म्हणजे संचमान्यतेचे, निकष कडक केले आणि लहान शाळांची पदे धोक्यात आली. त्याविरुद्ध प्राथमिक शिक्षकांनी सप्टेंबर 2024मध्ये सामूहिक रजा घेऊन जिल्ह्याजिल्ह्यांत मोर्चे काढले. विशेष म्हणजे याच राज्याने 2000च्या दशकाच्या आरंभी वाडी-वस्तीवर शाळा नेण्यासाठी वस्तीशाळा उघडल्या होत्या. शिक्षणहक्क कायदा 2009 आणि त्याखालील राज्याचे नियम यांनी पाचवीपर्यंतची शाळा एक किलोमीटरच्या आत आणि आठवीपर्यंतची तीन किलोमीटरच्या आत असावी, असे ठरविले. अंतर हा मुलाचा हक्क आहे. पट हा प्रशासनाचा निकष आहे. आज निकषाने हक्कावर मात केली आहे.

आपल्या किनाऱ्यावर अंतर कसे असते, ते नकाशावरून कळत नाही. कोर्लईच्या टोकावर उभे राहिले तर कुंडलिकेच्या मुखापलीकडे रेवदंडा हाकेच्या अंतरावर भासतो. रस्त्याने जावयाचे तर साळावच्या पुलावरून वळसा घ्यावा लागतो. धरमतर, राजपुरी आणि बाणकोट या खाड्यांनी आपला प्रदेश असाच कापलेला आहे. उन्हाळ्यात ओहोटीला जी वाट सुकी असते ती श्रावणातल्या उधाणाला पाण्याखाली जाते. डोंगरातील वाडीवरून खाली येणारा ओहोळ जुलैत सात वर्षांच्या मुलीला एकटीने ओलांडता येत नाही. संगणकावर दोन शाळांमधील अंतर काढणाऱ्यास भांग आणि उधाण यांतील फरक ठाऊक नसतो. मुलीच्या आईला मात्र तो ठाऊक असतो आणि म्हणून ती मुलीला घरीच ठेवते. शाळेच्या खर्चात झालेल्या बचतीमध्ये या मुलीची नोंद होत नाही.

पटाची गणती 30 सप्टेंबर या एका तारखेची धरली जाते. आपल्या जिल्ह्यातील कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर आणि कोळशाच्या भट्ट्यांवर जातात व पावसाळ्याच्या तोंडाशी परततात. त्यांच्या मुलांचे वर्ष दोन ठिकाणी विभागलेले असते. एकाच तारखेचा पट त्यांचे खरे चित्र देत नाही आणि दूरच्या समूह शाळेत तर त्यांचे नाव सर्वांत आधी पुसले जाण्याची भीती आहे. मोठ्या शाळेत एक गैरहजर मूल हरवून जाते. बारा मुलांच्या शाळेत शिक्षक त्याच्या झोपडीपर्यंत जाऊन चौकशी करतो.

अभ्यासक्रमाचेही असेच आहे. कोर्लईतील आपली ख्रिस्ती बांधवांची वस्ती घरी जी बोली बोलते ती पोर्तुगीज आणि मराठी यांच्या शतकांच्या सहवासातून जन्मलेली आहे. बोलणारे तिला ‘नॉ लिंग’, म्हणजे आपली भाषा, म्हणतात. जगभरच्या भाषाशास्त्रज्ञांनी तिचा अभ्यास केला. पाठ्यपुस्तकाला तिची दखल घेण्याचे कारण नाही, कारण लाखो मुलांसाठी एकच पुस्तक छापणे स्वस्त पडते. अशा मुलाला पहिलीच्या वर्गात घरची बोली समजून घेणारा शिक्षक मिळाला तर अडचण सुटते. तो शिक्षक गावातल्या शाळेत घडतो, कारण तो गावात राहतो, घरी जातो, ऐकतो. दूरच्या मोठ्या शाळेतील शिक्षकास यासाठी सवड कोठून मिळावी?

दुसरी बाजू

आम्ही दुसरी बाजू नाकारीत नाही. चार मुलांच्या शाळेत खेळगडी मिळत नाहीत. एका शिक्षकाने पाच इयत्ता, पोषण आहाराच्या नोंदी आणि ऑनलाइन माहिती हे सारे सांभाळावयाचे, तर शिकविण्यास वेळ उरत नाही. सहावी-सातवीच्या मुलास विज्ञान आणि इंग्रजीचा जाणकार शिक्षक मिळाला पाहिजे, प्रयोगशाळा पाहिली पाहिजे. काही ठिकाणी पालकांनी स्वतः होऊन मुलांना मोठ्या शाळेत घातले, हेही खरे आहे. पटसंख्या घटण्यास आपणही जबाबदार आहोत. इंग्रजी माध्यमाच्या व्हॅनमध्ये मूल बसविले की वाडीच्या शाळेचा पट एकाने कमी होतो, आणि ज्याच्याकडे व्हॅनचे पैसे नाहीत त्याचे मूल तेथे मागे राहते. लोकसंख्या मुंबई-पनवेलकडे सरकत आहे, हेही नजरेआड करता येत नाही.

परंतु लहान शाळा म्हणजे वाईट शाळा, हे समीकरण अनुभवास उतरत नाही. सातारा जिल्ह्यातील कुमठे बीटमधील जिल्हा परिषद शाळांनी गेल्या दशकात मुलांना स्वतः शिकू देण्याचे जे काम केले ते पाहण्यास राज्यभरचे शिक्षक जात असत. तेथे यश आले ते शिक्षकांस मिळालेल्या विश्वासामुळे आणि मार्गदर्शनामुळे. लहान शाळेला एकाऐवजी दोन शिक्षक, कारकुनी कामातून सुटका आणि परिसरातील शाळांनी मिळून वापरावयाचे फिरते विषयशिक्षक दिले, तर तिची पुष्कळ दुखणी बरी होतील. कोठारी आयोगाने 1966मध्ये शाळासमूहाची कल्पना मांडली ती याच अर्थाने होती. मोठ्या शाळेने आसपासच्या लहान शाळांस हात द्यावा, अशी ती कल्पना होती. लहान शाळांना गिळावे, असे तिच्यात नव्हते.

आपले घर

येथे आपण स्वतःकडेही पाहिले पाहिजे. निकालावर अनुदान मिळण्याच्या त्या जुन्या काळात मिशनच्या शाळाही त्या स्पर्धेत उतरल्या होत्या. आज अनुदानाची ती अट नाही, तरी शंभर टक्के निकालाचा फलक प्रवेशद्वारावर झळकविण्याची हौस आपल्या संस्थांनाही आहे. त्या फलकासाठी नववीतल्या दुबळ्या मुलाच्या पालकांना बोलावून सतरा नंबरचा फॉर्म भरण्याचा सल्ला कोठे कोठे दिला जातो, हे आपल्यापैकी अनेकांस ठाऊक आहे. ते मूल बाहेरून परीक्षेस बसते, नापास होते आणि शाळेचा निकाल शुद्ध राहतो. रॉबर्ट लो यांना या व्यवहाराचे आश्चर्य वाटले नसते. ज्यांची शाळा असा सल्ला देते त्यांनी वाडीच्या शाळेसाठी अश्रू ढाळणे शोभत नाही.

पोप दुसरे जॉन पॉल यांनी 1981मधील ‘लाबोरेम एक्सेर्चेन्स’ या विश्वपत्रात श्रमाचे मूल्य त्यातून निघणाऱ्या मालावरून ठरविण्यास विरोध केला आणि श्रम करणारी व्यक्ती प्रथम आहे, असे शिकविले. कारखान्यातील प्रौढाविषयी जे खरे आहे ते वर्गातील बालकाविषयी अधिकच खरे मानले पाहिजे. इटलीत फ्लॉरेन्सजवळच्या डोंगरातील बार्बियाना या वाडीवर 1954मध्ये फादर लोरेन्झो मिलानी यांची बदली झाली तेव्हा तो धर्मग्राम बंद होण्याच्या मार्गावर होता. त्यांनी तेथे शेतकऱ्यांच्या आणि धनगरांच्या मुलांसाठी शाळा चालविली. सरकारी शाळांनी नापास करून घालविलेली मुले तेथे येत. त्यांतील आठ मुलांनी मिळून 1967मध्ये एक पत्ररूप पुस्तक लिहिले. मराठीत ते ‘प्रिय बाई’ या नावाने आले आहे.

त्या मुलांनी आकड्यांचा राग राग केला नाही. त्यांनी स्वतः आकडे गोळा केले. कोणाची मुले नापास होतात, कोणत्या वयात शाळा सोडतात, त्यांचे वडील काय काम करतात, याचे तक्ते त्यांनी मांडले आणि ते इतके काटेकोर होते की इटलीच्या भौतिकशास्त्र संस्थेने त्यांचा पारितोषिकाने गौरव केला. दिवंगत पोप फ्रान्सिस 20 जून 2017 रोजी बार्बियानास जाऊन मिलानी यांच्या कबरीपाशी प्रार्थना करून आले. पटसंख्येच्या निकषावर ती शाळा एक दिवसही चालली नसती.

आपणही आकडे मोजावेत, असे आमचे सांगणे आहे. शाळा व्यवस्थापन समितीत पालक बहुसंख्य असतात आणि ग्रामसभा हे कायद्याने दिलेले व्यासपीठ आहे. आपल्या धर्मग्रामातील पालकांनी आणि युवकांनी, शेजारच्या आगरी, कोळी, कातकरी आणि मुस्लिम बांधवांना बरोबर घेऊन, पावसाळ्यात पायी चालून दोन शाळांमधील अंतर मोजावे. विलीनीकरण झालेच असेल तर किती मुले नव्या शाळेच्या पटावर गेली आणि त्यांतील किती मुले दोन वर्षांनंतर तेथे बसलेली आहेत, याची नावानिशी यादी करावी. मुली किती आणि मुलगे किती, हे वेगळे लिहावे. वाहनाचे आश्वासन मिळाले असेल तर गाडी किती दिवस आली, तेही लिहावे. ही यादी केंद्रप्रमुखांपुढे, गटशिक्षणाधिकाऱ्यांपुढे आणि ग्रामसभेपुढे ठेवावी. बचतीच्या हिशेबाला उत्तर द्यावयाचे तर ते अशा पूर्ण हिशेबानेच देता येईल.

ज्या वाडीवर खरोखरच दोन मुले उरली आहेत आणि जेथील पालकांना मोठी शाळा हवी आहे, तेथे अट्टहासाने कुलूप उघडे ठेवावे, असे आम्ही म्हणत नाही. निर्णय पालकांना विचारून, अंतर पाहून आणि वाहनाची लेखी हमी देऊन व्हावा, एवढेच आमचे म्हणणे आहे. मुलांच्या शिक्षणाचा पहिला अधिकार आणि पहिली जबाबदारी आईवडिलांची आहे, हे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1965मध्ये स्पष्ट केले आहे. तेव्हा वाडीची शाळा बंद करण्याचा ठराव पंचायतीपुढे येईल त्या दिवशी मासळीचा लिलाव आणि भातलावणी थोडी बाजूस ठेवून आपण त्या सभेस हजर राहिले पाहिजे. बारा मुलांच्या शाळेसाठी बारा घरांतील आईवडील सभेत उभे राहिले, तर त्यांची गणती मात्र कोणासही टाळता येणार नाही.